भरणीवरचा झिरा

मुंबईला जाताना आम्ही काय काय नेलं ते मला आजही क्रमानं सांगता येतं. ज्वारीच्या पिठाची गोणी, तवा, काटवट, दोन गाडगी, तांब्याची घागर, एक कळशी, नारळाची नरोटी, कारळाच्या चटणीचं मडकं, वाळलेल्या मिरच्या, मीठ, चार घोंगड्या, आबाचं फावडं आणि टिकाव, आणि अक्काची पेटी. मीठ नेऊ नका, असं आबानं दोनदा सांगितलं होतं. मीठ तिकडूनच इकडं येतं, नाक्यावरचे शिपाई हसतील, असं त्याचं म्हणणं. मायनं ऐकलं नाही. परक्या गावात पोचल्यावर पहिल्या रात्री शेजारणीकडं मीठ मागायची पाळी येऊ नये, एवढा तिचा साधा हिशेब होता. पुढं बीडला मुलींच्या वसतिगृहाची कोठी माझ्या हाती आली, तेव्हा मी सहलीच्या सामानात सगळ्यांत आधी मीठ लिहायचे आणि मुली हसायच्या. मी काही सांगत बसले नाही.

आमचं गाव आष्टीपासून चालत जाण्याइतकं. त्या साली मृगानं तोंड दाखवलं आणि नंतर काही नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन उभ्या उभ्या वाळली. आबा दरवर्षी गावातली आठदहा माणसं घेऊन नगरकडं मातीकामाला जात असे. त्या साली नगरकडंही काम नव्हतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, की मुंबईत समुद्र बुजवायचं काम निघालं आहे, माणसं हवी आहेत. आबाला ते आधी खरंच वाटलं नाही. समुद्र म्हणजे काय हे आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं, पण तो बुजवायची गोष्ट नसते एवढं सगळ्यांना कळत होतं. तरी बैल पाटोद्याला अक्काच्या सासरी नेऊन बांधले आणि आम्ही निघालो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण गया. तिचं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण नांदायला जायची होती. पाडव्यानंतर पाठवतो, असं आबानं व्याह्यांना सांगितलं होतं. तिला मुंबईचं लुगडं घेऊनच पाठवायची, असं मायनं मनात धरलं होतं. त्यामुळं त्या सगळ्या दिवसांत माय जे काही करायची ते अक्काकडं बघून करायची. अक्काला ऊन लागू नये, अक्काचे हात फार चिरू नयेत, अक्का नीट जेवावी.

आबा मायला नावानं हाक मारत नसे. आमच्याकडं कुणीच मारत नसे. तो तिला ‘गयाची माय’ म्हणायचा. शेतातून, ओट्यावरून, गाडीतून, कुठूनही तीच एक हाक. मला कधी कधी राग यायचा, की मी पण आहे ना. आबा म्हणायचा, पैली आली तिचं नाव लागतं.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी गोणी उचकून पाहिली, मिठाला हात लावून खरंच हसले, आणि आम्ही निजामच्या राज्यातून इंग्रजांच्या राज्यात आलो. माती तीच होती. नगरला गाडीत बसलो, आणि पुढं घाटात अंधार व्हायला लागला तशा बाया एकमेकींना धरून बसल्या. आमच्यात भिवा म्हणून एक गडी होता, बायकोला घेऊन आला होता. तिचं नाव ठकू. भिवा गप्प बसायचा नाही. बोगद्यात गाडी शिरली की तो मोठ्यानं म्हणायचा, ठकू, पळून जायचं असंल तर आत्ता जा, मला काय दिसत न्हाई. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मात्र तोही थोडा वेळ गप्प झाला. मायनं सरळ जाऊन ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. मग भिवाला वाचा फुटली.

“यवढं पानी,” तो म्हणाला, “आन यक डाळ शिजत न्हाई बे ह्यात.”

आम्हाला जागा मिळाली ती आधीच भरलेल्या जमिनीवर. एका बाजूला जुनी वस्ती, एका बाजूला खाडीचं तोंड, मधे उघडा पट्टा, त्यावर आमच्या कोप्या. कुठली खाडी, कुठला पट्टा हे मी मुद्दाम लिहीत नाही. आज तिथं लोक राहतात, त्यांची मुलं तिथं खेळतात. कोपीच्या आत उभं राहता येत नसे. बाहेर तीन दगडांची चूल. पहाटे गिरण्यांचे भोंगे व्हायचे, एक संपला की दुसरा, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि माय पहिल्या भोंग्याला उठून पीठ मळायला घ्यायची. दुपारी कुठंतरी तोफ व्हायची आणि सगळं शहर त्यावर घड्याळं लावायचं. रात्री बोटी हंबरायच्या. पहिल्या रात्री मी आबाला विचारलं, कुणाची म्हैस हाय ही? तो हसला नाही, कारण त्यालाही तेच वाटलं होतं. वाऱ्याला सुक्या मासळीचा वास असायचा. भाकरी खाताना अक्का नाकाला पदर लावायची, आणि भिवा तिला म्हणायचा, गयाबाय, पाटोद्याचे पाव्हणे आता तुला वासावरून वळखतील.

काम सोपं होतं आणि संपत नव्हतं. आगगाडीचे डबे भरून मुरूम यायचा, दगड यायचा. गडी दगड लोटायचे, बाया पाट्या डोक्यावर घेऊन फळीवरून जायच्या आणि पाण्यात रिकाम्या करायच्या. ओहोटीला कामाची घाई, भरतीला विसावा. आमच्या गावात दिवस उन्हावर चालायचा, इथं तो पाण्यावर चालायला लागला. मला पाटी घ्यायला मुकादमानं मनाई केली होती. मी लहान दिसायचे. म्हणून घरचं माझ्याकडं होतं. चूल, सरपण, पाणी आणि गोणीवर नजर. पीठ किती उरलं ते मी गोणीच्या काठाला वीत लावून बघायचे आणि मायला सांगायचे. तिथूनच मला सामान मोजून ठेवायची सवय लागली असावी.

आमच्या कोप्यांच्या मागं एक कोळीण राहायची. म्हातारी, काळीभोर, नाकात मोठी नथ, आवाज खणखणीत. आम्ही तिला मावशी म्हणत असू. माय आणि ती संध्याकाळी बोलत बसायच्या. तिची बोली मायला कळायची नाही आणि मायची तिला, तरी दोघींचं चालायचं. मावशीनं आम्हाला जी मुंबई सांगितली ती मी पुढं कुठल्याच पुस्तकात तशी वाचली नाही. तिच्या हिशेबी शहर म्हणजे पाणी कुठं होतं याची आठवण. ती हात करून दाखवायची. आज ट्राम जाते तिथं तिच्या आज्याची होडी जायची. तो बाजार म्हणजे खाडी. ती देवी आता घरांच्या मधे कोंडल्यासारखी दिसते, पण तिच्या पायाला दर्या लागायचा. सुटी सुटी बेटं होती, माडाची, ताडाची, भाताची. मग टोपीवाले आले, एक गेले, दुसरे आले. त्यांनी कोट बांधला, खंदक खणला, आणि पुढं तटही पाडला, खंदकही बुजवला. टेकड्या फोडायच्या आणि खाड्यांत घालायच्या, असं तिच्या आज्यापासून चाललं होतं. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा माणसं समुद्राला कुंपण घालायला निघाली होती, आणि भाव पडला तेव्हा अर्ध्यात सोडून पळाली. मग मोठी मरी आली, उंदीर पडायला लागले, घरांवर खुणा केल्या, लोक गावाकडं पळाले, आणि मरी सरल्यावर दुप्पट होऊन परत आले. हे सगळं ती मासळी साफ करता करता सांगायची. “ही मुंबय कदी पुरी झाली नाय गो,” ती एकदा म्हणाली. “होणार पन नाय.”

मायला हे ऐकायला आवडायचं. ती मला म्हणाली, बघ, आपून बी तेच करतोय, मुरूम टाकतोय, दगड टाकतोय, उद्या हितं घरं हुतील. तिच्या डोळ्यांपुढं भरणी म्हणजे आमची भरणी होती. दगड, मुरूम, वर वाळू. आपण ज्या जमिनीवर झोपतो तीही अशीच झाली असणार, असं तिनं धरलं. आम्ही सगळ्यांनीच धरलं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलं नाही.

शहराचा स्वभाव मला कळला तो नळावर. आमच्या गावात पाण्याला गेलं की आधी विचारपूस व्हायची. कुणाची, कुठं दिली, माय कशी आहे. इथं नळ होता जुन्या वस्तीच्या टोकाला, आणि तो सकाळी थोडा वेळ चालायचा. तिथं कुणी कुणाला काही विचारायचं नाही. फक्त नंबर. आमचा नंबर लागायच्या आत नळ बंद व्हायचा, कारण वस्तीतल्या बाया आपल्या शेजारणींचे हंडे मधे सरकवायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, घाटावरच्यांनी मागं राहा. त्यात पाण्याला औषधाचा वास यायचा. माय ते प्यायची, पण तोंड वेडंवाकडं करून. एक दिवस अक्का गेली नळावर. रेटारेटीत तिची कळशी नळाच्या कठड्यावर आपटली, चेपली, आणि अक्काच्या हाताचं कोपर सोललं. ती रडत आली. तिला लागल्याचं दुःख नव्हतं. त्या बाया हसल्या होत्या. मायनं कोपराला हळद लावली आणि म्हणाली, “उद्यापासून नळावर कुनी जायचं न्हाई. म्या बघते पान्याचं.”

मायला पाणी कळायचं, हे इथं सांगायला हवं. आमच्या नदीला चार महिनेच पाणी. बाकीचं वर्ष कोरडी वाळू, आणि वाळूत झिरे. झिरा म्हणजे वाळूत हातानं उकरलेला खड्डा, कोपरभर किंवा फार तर कमरेएवढा, त्यात आजूबाजूचं पाणी पाझरून साठतं. कुठंही उकरलं तर लागत नाही. उन्हाळ्यात गावच्या बाया मायला बोलवायच्या. ती पहाटे अनवाणी वाळूवरून फिरायची, टाचेला गारवा कुठं लागतो ते बघायची, लव्हाळ्याची एखादी काडी कुठं हिरवी राहिली आहे, मुंग्या कुठून निघाल्या आहेत. मग बसून उकरायची. पहिलं पाणी गढूळ, ते उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. मग हळदकुंकू वाहून गप्प बसायचं, वाळू खाली बसेपर्यंत. आणि पहिली ओंजळ द्यायची ती घरच्या लेकीला, सासरी जायची असेल तिला आधी. आमच्या गावची ती रीत होती. जिनं झिरा काढला ती सगळ्यांत शेवटी पिते. मायनं काढलेल्या झिऱ्यानं कुणाचं पोट कधी दुखलं असं झालं नव्हतं. वाळूतून आलेलं पाणी विहिरीपेक्षा बरं, असं आमच्याकडं वैद्यही सांगायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कोप्यांच्या मागच्या पट्ट्यात फिरली. मी मागं होते. भरतीची रेघ जिथं थांबायची तिच्या बरीच वर एक जागा होती, वाळूची, आणि तिथं लव्हाळ्यासारखं गवत दाट वाढलं होतं. इतकं हिरवं गवत आम्ही आष्टी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. माय तिथं थांबली, टाच रुतवली, आणि तिच्या तोंडावर हसू आलं. मुंबईत आल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसू. कोपरभर उकरल्यावर पाणी लागलं. तिनं चाखलं. थोडं मचूळ होतं, खारट नव्हतं. तिनं रीतीप्रमाणं दोनदा उपसलं, वाट पाहिली, आणि हाक मारून अक्काला बोलावलं. अक्का केस बांधता बांधता आली. मायनं तिच्या ओंजळीत नरोटीनं पाणी घातलं. अक्का प्यायली आणि म्हणाली, “माय, गावाकडल्यावानी लागतंय.”

त्यानंतरचे दिवस आमचे सगळ्यांत चांगले गेले. कोप्यांतल्या सगळ्या बाया झिऱ्यावर यायला लागल्या. गप्पा परत सुरू झाल्या, कुणाची, कुठं दिली. मायनं झिऱ्याभोवती दगड लावले, वर काट्याची फांदी ठेवली. कपडे जवळ धुवायचे नाहीत, पाय आत घालायचा नाही, नरोटीशिवाय पाणी घ्यायचं नाही, असे तिनं नियम केले आणि ते पाळायचं काम मला दिलं. भिवा म्हणायचा, इंग्रजाला यवढे नळ टाकून जे जमलं न्हाई ते आमच्या वैनीनं नरोटीनं केलं. आबा संध्याकाळी कामावरून आल्यावर आधी झिऱ्यावर जायचा आणि तिथंच बसून प्यायचा. कोळीणमावशी तेव्हा तिथं नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला वसईकडं गेली होती.

आधी ठकू पडली. एका सकाळी तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. मायनं कांद्याचा रस दिला, पोटावर शेक दिला. दुपारी दुसऱ्या कोपीतला एक गडी पडला. संध्याकाळी अक्का पाटी टाकून आली ती कोपीच्या दाराशीच बसली. मी आजवर पुष्कळ आजारी मुली पाहिल्या, वसतिगृहात रात्र रात्र बसले, पण इतक्या लवकर माणूस वाळताना पाहिला नाही. तिचे डोळे आत गेले, बोटांच्या कातड्याला सुरकुत्या पडल्या, आवाज घोगरा झाला. पायात गोळे यायचे तशी ती ओरडायची, आणि मधे एकच शब्द म्हणायची, पाणी. माय उठायची, नरोटी घ्यायची, झिऱ्यावर जायची. गाडग्यातलं शिळं पाणी ती देत नव्हती. प्रत्येक वेळी ताजं आणायची, पदरानं गाळायची, अक्काचं डोकं मांडीवर घ्यायची आणि थेंब थेंब पाजायची. अक्का प्यायची आणि सगळं बाहेर टाकायची. माय परत उठायची.

हे लिहायचं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

सकाळी दवाखान्याची गाडी आली. घोड्याची, चहूबाजूंनी बंद. बरोबरच्या माणसांच्या अंगाला फिनेलचा वास. त्यांनी तिघांना उचललं. मायनं अक्काचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवला, जोरानं नाही, सवयीनं. बरोबर कुणाला घेत नाही म्हणाले. दवाखान्याचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, आणि गेले. आबा गाडीमागं पळाला. गाडी ट्रामच्या रस्त्याला लागली, तिथं सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत ती कुठली हे त्याला कळेना, तेव्हा थांबला. मग विचारत विचारत आम्ही तिघं आणि भिवा दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो.

फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत आमच्यासारखी माणसं बसली होती. कोकणातली, गुजराथेतली, तेलंगणातली, कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती, पण सगळे एकाच बाजूला तोंड करून होते. फाटकावर एक पठाण होता. त्याच्याशी आबा दखनीत बोलला. आमच्याकडं तहसिलात बोलतात ती बोली ऐकून पठाण जरा मऊ झाला. आत जाऊन विचारून आला. ज़िंदा है, म्हणाला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा म्हणाला, बोलती नहीं, मगर ज़िंदा है. आबा त्याला हात जोडून सांगत होता, की मायला एकदा आत जाऊ द्या, नुसती दारातून बघू द्या. त्याच्या हातात ते नव्हतं. आमच्याही हातात काही नव्हतं. मायच्या कमरेला नरोटी खोचलेली तशीच राहिली होती. ट्रामची घंटा वाजायची, फेरीवाले ओरडत जायचे, शाळेतली पोरं जायची, आणि त्या भिंतीच्या सावलीत आम्ही नुसते बसून राहायचो. रात्री आबा आणि भिवा तिथंच झोपायचे. मी आणि माय कोपीवर यायचो आणि उजाडायच्या आत परत निघायचो.

एके सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आबा उभा होता. पठाण त्याच्याजवळ उभा होता आणि त्यानं आबाच्या खांद्यावर हात ठेवला होता. ते लांबूनच दिसलं. आम्ही रस्ता ओलांडत होतो, मधे ट्राम येत होती, आणि आबानं मायला थांबवायला हात वर करून हाक मारली. “गयाची...” एवढं म्हणाला आणि पुढचं त्याच्या तोंडून आलं नाही. ट्राम गेली. आम्ही पलीकडं गेलो तेव्हा तो तसाच हात वर करून उभा होता.

अक्काला आम्हाला दिलं नाही. तसा नियम होता. त्या रोगानं, पटकीनं, गेलेल्यांचं तिकडंच करतात, म्हणाले. आबाला एकट्याला आत नेलं आणि परत आणलं. त्यानं काय पाहिलं ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ठकू वाचली. दुसऱ्या कोपीतला गडीही वाचला. भिवा ठकूला पाठीवर घेऊन आला, आणि मायच्या समोर यायला लागू नये म्हणून मागच्या बाजूनं कोपीत शिरला.

कोळीणमावशी त्याच दिवशी परत आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती बोचकं खाली न ठेवता तशीच झिऱ्यापाशी गेली, वाकून बघितलं, आणि मटकन बसली. तिनं सांगितलं, तो पट्टा भरला होता तो मुरमानं नव्हे. शहराचा केरकचरा, घाण, मेलेली जनावरं, सगळं वर्षानुवर्षं गाड्या भरभरून तिथं आणून ओतलं होतं. वर वाळू टाकली, झालं. मावशीच्या लहानपणी तिथून जाताना लोक नाक धरायचे. गवत इतकं हिरवं होतं ते त्यामुळं. तिनं आम्हाला सगळी मुंबई सांगितली होती, कुठं पाणी होतं ते सांगितलं होतं. पाण्यात काय घातलं हे आम्ही विचारलं नव्हतं आणि तिलाही सांगायचं सुचलं नव्हतं. ती कपाळ बडवून घेत होती. माय ऐकत होती. तिनं मावशीचे हात धरून खाली घेतले, एवढंच.

मग सरकारी माणूस आला. आरोग्य खात्याचा, कोट, टोपी, छत्री, बरोबर एक शिपाई. मराठी बोलणारा, पुस्तकातल्यासारखं. कोप्यांतून फिरला, गाडगी बघितली, आणि झिऱ्यापाशी येऊन विचारलं, ही विहीर कुणी खोदली. आबा म्हणाला, विहीर न्हाई, झिरा हाय. त्यानं परत विचारलं, कुणी खोदली. मग भिवा पुढं झाला. त्याच भिवाची बायको आत पडून होती, तिच्या अंगात उठून बसायचं बळ नव्हतं.

“समद्यांनी मिळून काढला, साहेब,” तो म्हणाला. बाकीच्या गड्यांनी माना हलवल्या.

माय कोपीच्या दारात बसली होती. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि गड्यांच्या पुढं येऊन उभी राहिली. आमच्या बाया अशा पुढं येत नसत.

“खोटं हाय त्ये,” ती म्हणाली. “म्या काढला. जागा बी मीच हेरली. पैली वंजळ मीच पाजली लेकीला.”

साहेबानं तिच्याकडं पाहिलं. गाव विचारलं. आबानं आष्टी सांगितलं. ते कुठं आलं, म्हणून विचारलं. निजाम इलाख्यात, आबा म्हणाला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं छत्री मिटली आणि मायला सांगितलं, की बाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमच्यावर काही नाही.

“मला सजा काय?” मायनं विचारलं.

“सजा नाही.”

“मग कुनाला हाय?”

त्यानं छत्री उघडली. खड्डा आजच्या आज बुजवा, नळाचं पाणी प्या, असं आबाला सांगितलं आणि पुढच्या कोप्यांकडं गेला. शिपाई त्याच्या मागं गेला. आमची माणसं थोडा वेळ उभी राहिली. मग ओहोटी लागली आणि मुकादमाची शिट्टी झाली, तसे एकेक करून कामावर गेले.

आबा फावडं घेऊन आला. मुरमाची एक पाटी भरून आणली होती. एवढ्याशा खड्ड्याला एक पाटी पुरेशी होती. तो टाकणार, तेवढ्यात माय म्हणाली, थांबा. ती झिऱ्यापाशी बसली, काट्याची फांदी बाजूला केली. मावशीनं सांगितल्यापासून कुणी उपसा केला नव्हता, त्यामुळं पाणी काठोकाठ आलं होतं आणि अगदी स्थिर होतं. तळाची वाळू दिसत होती, वाळूतला एक शिंपला दिसत होता. तिनं मला जवळ बोलावलं.

“सोने, तुजे डोळे चांगले हायेत,” ती म्हणाली. “बघ बरं. दिसतंय का काई ह्यात?”

मी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“न्हाई माय,” मी म्हणाले. “काईच न्हाई दिसत.”

तिनं मान हलवली आणि बाजूला सरकली, आणि आबानं पाटी ओतली.